कपाटातले दोन फोन

अकोल्याहून आत्याचा फोन आला की मी उठून खिडकीपाशी जातो, कारण तिचं अर्धं बोलणं वाटेतच हरवतं. त्या दिवशी खिडकीपाशी जाऊनही काही फरक पडला नाही. तिच्या फोनचा माइकच गेला होता. शेवटी नातवाच्या फोनवरून बोलली, "बाबू, तुमच्याकडं एखांदा जुना मोबाईल पडला असंन तं दे. नवा नोको आणू. मले काय रीला बनवाच्या हायेत?"

आमच्या कपाटात खरोखरच दोन फोन पडून होते. एक मुलीचा आयफोन ११, पांढरा, ६४ जीबीचा. दुसरा बायकोचा पिक्सेल ६ए, १२८ जीबीचा. दोघींनी नवे घेतले आणि जुने 'असू दे, लागतील कधीतरी' म्हणून वायरींच्या डब्यात गेले. आयफोन ११ सप्टेंबर २०१९ मध्ये आला तेव्हा आपल्याकडे त्याची किंमत ६४,९०० रुपयांपासून सुरू होत होती. पिक्सेल ६ए जुलै २०२२ मध्ये ४३,९९९ रुपयांना आला. एक थोरला आणि एके काळचा श्रीमंत, दुसरा तीन वर्षांनी धाकटा आणि मध्यमवर्गीय. आता दोघंही एकाच डब्यात, एकमेकांच्या अंगावर.

मुलगी म्हणाली, "बाबा, आजीला आयफोनच द्या. त्यात विचार काय करायचा?" बायको म्हणाली, "आत्यांना झेपेल का तो?" मी दोघींनाही उत्तर न देता सवयीप्रमाणे तक्ते उघडून बसलो. आयफोनची चिप ए१३, पिक्सेलची टेन्सर. पडदा दोघांचाही ६.१ इंची, पण एकाचा एलसीडी, दुसऱ्याचा ओएलईडी. रॅम चार जीबी आणि सहा जीबी. बॅटरी एकीकडे ३,११० एमएएच, दुसरीकडे ४,४१०. वजन १९४ ग्रॅम आणि १७८ ग्रॅम. अर्धा तास असा गेल्यावर लक्षात आलं की मी स्थळाची पत्रिका बघतोय, आणि तीही लग्न होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाची.

तक्त्यात वर्णन केलेला फोन आता कुठेच नाही. ३,११० एमएएच हा आकडा फोन कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा. त्यानंतर तो किती वेळा चार्ज झाला, उशीखाली किती तापला, दोनदा पडला तेव्हा कुठल्या कोपऱ्यावर पडला, यातलं तक्त्यात काहीच नसतं. शिवाय आयफोन ११ हे मॉडेल ॲपलने २०१९ ते २०२२ अशी तीन वर्षं विकलं. २०२० पासून तो चेन्नईजवळही बनू लागला. म्हणजे 'आयफोन ११' या एकाच नावाच्या दोन फोनांच्या वयात तीन वर्षांचं अंतर असू शकतं. स्कूटर घेताना आपण फक्त कंपनीचं नाव विचारत नाही. किती साली घेतली, किती किलोमीटर पळाली, कोण चालवत होतं, हे विचारतो. फोनच्या बाबतीत मात्र मॉडेलवरून वाद घालत बसतो. जुना फोन घेताना मॉडेल दुय्यम, नग महत्त्वाचा.

नगाला दोन वयं असतात. एक अंगाचं, म्हणजे बॅटरी, पडदा, चार्जिंगचं भोक, बटणं. दुसरं कागदाचं, म्हणजे कंपनी त्याला अपडेट कधीपर्यंत देणार. दोन्ही वयं एकाच वेगाने वाढत नाहीत, आणि इथेच सगळी गंमत आहे.

अंगाच्या वयात सगळ्यात आधी म्हातारी होते ती बॅटरी. आयफोन ११ बाजारात आला त्यानंतर महिन्याच्या आत, ऑक्टोबर २०१९ मध्ये, लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते; एवढ्या वयात नोबेल मिळालेला दुसरा कुणी नाही. त्यांच्या बॅटरीला मात्र असं आयुष्य नाही. १९९१ मध्ये सोनीने ती पहिल्यांदा बाजारात आणली तेव्हापासून तिची मूळ व्यथा तीच आहे. ती वापरली तरी झिजते आणि नुसती ठेवली तरी झिजते.

आत काय होतं ते आत्याला समजावायचं झालं तर मी खारपाणपट्ट्याचं उदाहरण देईन. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते मचूळ पाणी रोज तापवलं की हंड्याच्या आत पांढरं पुट चढतं. बॅटरीत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि परत येतात. या ये-जा करण्यात ग्रॅफाइटच्या बाजूवर असंच एक पातळ पुट जमत जातं. पुटात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणून साठा घटतो. पुट जाड झालं की वाटही अरुंद होते. जुना फोन वीस-पंचवीस टक्के दिसत असताना अचानक बंद पडतो, त्याचं कारण बहुधा हेच. टाकीत पाणी असतं, पण नळाला दाब नसतो. कॅमेरा उघडला, फ्लॅश मारला, एकदम जास्त वीज मागितली की दाब कोसळतो आणि फोन डोळे मिटतो.

याच दाबाच्या प्रश्नावरून ॲपल एकदा चांगलीच अडचणीत आली होती. बॅटरी थकलेल्या आयफोनांचा वेग कंपनी अपडेटमधून गुपचूप कमी करत होती. हेतू असा की ते अचानक बंद पडू नयेत. डिसेंबर २०१७ मध्ये हे कबूल करावं लागलं तेव्हा गदारोळ झाला. 'नवा फोन घ्यायला लावण्यासाठीच हे' असं जगभरचे लोक म्हणाले. अमेरिकेत कोर्टकज्जे झाले, २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड झाला. आपल्याला त्यातून एक चांगली गोष्ट मिळाली. मार्च २०१८ पासून आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची तब्येत टक्क्यांत दिसू लागली. जुना आयफोन हातात घेतल्यावर सगळ्यात आधी मी तिथेच बघतो.

मुलीच्या फोनवर आकडा होता ८१. आयफोन १४ पर्यंतच्या फोनांबद्दल ॲपलचं म्हणणं असं की आदर्श परिस्थितीत पाचशे पूर्ण चार्ज झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतात. पूर्ण चार्ज म्हणजे पिन लावण्याची एक खेप नव्हे. आज साठ टक्के वापरली, उद्या चाळीस, की एक चक्र पुरं होतं. पण हा टक्का म्हणजे रक्ततपासणीचा रिपोर्ट नाही, फोनने केलेला अंदाज आहे. २०२१ मध्ये आयओएस १४.५ आलं तेव्हा खास आयफोन ११ च्या मालिकेसाठी तो नव्याने मोजण्याची सोय द्यावी लागली होती, कारण काही फोनांत तो चुकीचा दिसत होता. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नये. रात्री शंभर टक्के करून, विमान मोडवर न टाकता ठेवावा, सकाळी बघावं. नंतर अर्धा तास व्हिडिओ कॉल करावा. घसरण सावकाश असेल तर ठीक. पायऱ्या उतरल्यासारखी असेल तर बॅटरी बदलायची हे धरूनच हिशेब करावा.

पिक्सेलची गोष्ट वेगळी. कागदोपत्री त्याची बॅटरी मोठी आणि तीन वर्षांनी तरुण. पण जुलै २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ६ए साठी एक सक्तीचं अपडेट काढलं. काही फोनांची बॅटरी जास्त तापण्याचा धोका कमी व्हावा म्हणून, ४०० चार्ज-चक्रं ओलांडली की अशा फोनांची साठवण आणि चार्जिंगचा वेग दोन्ही कमी केले जातात. सोबत मुदतीची एक योजनाही जाहीर झाली. ज्यांचे फोन त्यात बसतात त्यांना काही देशांत मोफत नवी बॅटरी, आणि त्या देशांत भारतही होता. म्हणजे बघा, धाकटा फोन, मोठी बॅटरी, आणि तरीही विकत घेताना पहिला प्रश्न बॅटरीचाच. ज्याने जुन्या बाजारातून 'कमी वापरलेला, एकदम कडक' पिक्सेल ६ए घ्यायचं ठरवलं असेल त्याने बॅटरी बदलली का आणि कुठून, हे विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत.

आणि आत्या राहते अकोल्याला. पुण्यात बसून फोन निवडताना हे विसरायला होतं. ॲपल स्वतः सांगते की आयफोन शून्य ते पस्तीस अंश तापमानात वापरावा. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. पस्तीस तर तिथे सकाळी दहालाच होतात! हे बॅटरीबद्दलचे सगळे आकडे वातानुकूलित खोलीत जन्मतात आणि वऱ्हाडात येऊन वितळतात. उष्णतेत ते पुट भराभर वाढतं. बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि वर ऊन, हा सगळ्यात वाईट योग. म्हणून जिथे ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवता येतं तिथे ते थांबवावं. पिक्सेल ६ए ला ही सोय नंतरच्या अपडेटमधून मिळाली. आयफोनात अशी पक्की मर्यादा १५ पासून पुढे आहे. ११ रात्रीच्या सवयी शिकून आपला आपण सांभाळून घेतो, एवढंच.

बॅटरीवर एवढं बोलल्यावर बाकीचं अंग लवकर उरकतो. आयफोन ११ चा एलसीडी पडदा पिक्सेलइतका रेखीव नाही, काळा रंग त्यात करडाच दिसतो. पण एलसीडीवर जुन्या चित्रांच्या सावल्या कायमच्या उमटत नाहीत, ओएलईडीवर वर्षानुवर्षांनी उमटू शकतात. पांढरा पडदा पूर्ण प्रकाशात ठेवून बघितलं की कळतं. कीबोर्डाची पुसट चौकट दिसली तर आधीचा मालक गप्पिष्ट होता. कॅमेऱ्यांत भांडण लावण्यात अर्थ नाही. आयफोन ११ हा रात्रीचा खास मोड मिळालेल्या पहिल्या आयफोनांपैकी, आणि व्हिडिओत तो अजूनही वरचढ. पिक्सेल ६ए चा मुख्य सेन्सर तर २०१८ च्या पिक्सेल ३ पासून चालत आलेला. जुनंच भांडं, पण स्वयंपाक करणारं सॉफ्टवेअर हुशार, म्हणून फोटो चांगले. नातवाच्या वाढदिवसाचे फोटो दोन्हींत सुरेख येतील.

पाण्याबद्दल मात्र एक शब्द. आयफोन ११ ला आयपी६८, पिक्सेल ६ए ला आयपी६७ असं प्रमाणपत्र आहे. एक दोन मीटर खोल पाण्यात अर्धा तास, दुसरा एक मीटर. हे प्रमाणपत्र नव्या, सीलबंद फोनचं. एकदा पाठ किंवा पडदा उघडून बॅटरी बदलली की आतला चिकट गोंद पुन्हा तसाच बसला असेल याची हमी कुणी देत नाही. जुना फोन पाण्यापासून लांबच ठेवावा.

आता कागदाचं वय. इथे दोघांचे स्वभाव अगदी वेगळे निघतात. गूगल तारीख सांगते. पिक्सेल ६ए ला सुरक्षेची अपडेट जुलै २०२७ पर्यंत, असं ठरलेलं आहे. आधी अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या लवकर थांबणार होत्या, डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनाही वाढीव मुदत मिळाली. ॲपल आयफोन ११ साठी अशी शेवटची तारीख छापून देत नाही. देते ती कृतीतून. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ आयफोन ११ वर चालतं. त्याच्या आधीच्या वर्षीचे एक्सआर आणि एक्सएस मात्र त्या दाराशी थांबले. म्हणजे ११ हा रांगेतला शेवटचा. आणि मुख्य रांगेतून बाहेर पडल्यावरही सगळं एका दिवसात संपत नाही. २०१३ च्या आयफोन ५एस ला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेचं अपडेट मिळालं होतं. एक घराणं मृत्युपत्र करून ठेवणारं, दुसरं तोंडी शब्दाचं, पण शब्द बहुतेक पाळणारं.

सुटे भाग हाही कागदाचाच एक भाग. एखादं उत्पादन विकणं बंद केल्यापासून निदान पाच वर्षं ॲपल त्याची दुरुस्ती आणि भाग देते. आयफोन ११ ची विक्री २०२२ मध्ये थांबली, म्हणजे २०२७ पर्यंत तरी चिंता नाही. योगायोग बघा, दोघांचीही वेस एकाच वर्षावर येते. दुकानदार 'अजून पाच वर्षं बघायला नको' म्हणाला तर हसून पुढच्या दुकानात जावं.

व्हॉट्सॲप चाललं म्हणजे झालं, असं म्हणणारे बरेच भेटतात. व्हॉट्सॲपचं म्हणाल तर जून २०२५ मध्ये त्याला आयओएस १५.१ किंवा अँड्रॉइड ५ एवढंच लागत होतं. या दोघांना तिथे वर्षानुवर्षं धक्का नाही. पण आत्याची पेन्शन ज्या खात्यात येते त्या खात्याचं ॲप त्याच फोनवर असणार. सुरक्षेचं अपडेट बंद झालेल्या फोनवर भजनं ऐकावीत, बँक ठेवू नये.

५जी बद्दल मला आग्रह नाही. आयफोन ११ मध्ये ते नाही, पिक्सेल ६ए मध्ये आहे. भारतात ५जी सुरू झालं ऑक्टोबर २०२२ मध्ये. ज्याला दिवसभर फोनवरून लॅपटॉप चालवायचा आहे त्याला फरक पडेल. आत्याच्या व्हिडिओ कॉलला ४जी पुरून उरतं. रेंजच्या बाबतीत तर दोघंही आपापल्या वर्गातले पहिले नव्हेत. आयफोन ११ मध्ये इंटेलचा मोडेम होता, ज्याबद्दल तेव्हा बरीच कुरकुर झाली. पिक्सेलमध्ये सॅमसंगचा होता, त्याच्याबद्दलही तीच कुरकुर. तक्त्यात 'मोडेम' या शब्दाकडे कुणी बघत नाही आणि नंतर सगळे खिडकीपाशी जाऊन बोलतात. फोन घेण्याआधी आपलं सिम त्यात घालून घराच्या सगळ्यात आतल्या खोलीतून एक कॉल करावा. ही परीक्षा फुकट आहे आणि कुठल्याही तक्त्यापेक्षा खरी आहे.

सिमवरून आठवलं. आत्याकडे दोन सिम. एक पेन्शनचं, म्हणजे बँकेत दिलेलं, दुसरं स्वस्त रिचार्जचं. कपाटातल्या दोन्ही फोनांत सिमसाठी खाच एकच. दुसरं सिम ई-सिम करावं लागतं. जिओ आणि एअरटेल ते देतात, पण सत्तरीच्या बाईला 'तुमचं सिम आता दिसणार नाही, पण आहे' हे पटवणं म्हणजे निर्गुण भक्ती समजावण्यासारखं आहे. मेमरी कार्डाची खाचही दोन्हींत नाही. म्हणून ६४ आणि १२८ हा फरक खरा. सकाळच्या शुभेच्छांचे गुलाब, देवांचे व्हिडिओ, भिशीच्या ग्रुपवरचे आवाजी निरोप. ६४ जीबीमधून फोनचं स्वतःचं सामान वजा करून उरलेली जागा आत्या वर्षभरात भरून टाकेल.

मग बोटाचा प्रश्न आला. पिक्सेल ६ए उघडतो बोटाच्या ठशाने. चेहरा ओळखून उघडण्याची सोय त्याच्यात नाही. आयफोन ११ चेहऱ्याने उघडतो, ठसा नाही. आणि आत्याचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवरही लागत नाही. पन्नास वर्षं भांडी घासून, भाकऱ्या थापून तिच्या बोटांवरच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत. दर महिन्याला दुकानदार तिला अंगठा पुसायला लावतो, मग तर्जनी, मग डावा हात. फोनच्या काचेखालचा सेन्सर काही रेशन दुकानदाराइतका धीराचा नसतो. या एका मुद्द्यावर आयफोन सरळ जिंकत होता, आणि खरं सांगतो, माझं मनही त्या दिवशी तिकडेच झुकलं होतं.

उलट्या पारड्यात मराठी होती. आत्या टाइप करत नाही, बोलते. गूगलने २०१७ मध्ये मराठीतून बोलून लिहिण्याची सोय दिली तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी निरोप लिहायला सुरुवात केली आहे. आत्या कीबोर्डावरचा तो छोटा माइक दाबून तिच्या वऱ्हाडीत बोलते आणि येईल ते पाठवते. 'मले' चं कधी 'मला' होतं, कधी भलतंच काही. पण निरोप पोचतो. गेली कित्येक वर्षं तिचा हात अँड्रॉइडवर बसलेला. मागे जायची खूण कुठे, सगळं पुसायची कुठे, हे तिला पाहून नव्हे, बोटाच्या सवयीने माहीत आहे. आयफोन अवघड नाही, दुसरा आहे. नव्या घरात रात्री उठल्यावर दिव्याचं बटण शोधावं लागतं, तसा.

शिवाय एक गोष्ट कुठल्याही तुलनेत नसते. अडल्यावर शेजारी कोण आहे? आत्याचा नातू अँड्रॉइडवाला, शेजारीण अँड्रॉइडवाली, चौकातला रिचार्जवालाही तोच. घरातले सगळे चार्जर टाइप-सी. आयफोन ११ ला लागते लायटनिंग केबल, जी त्या गल्लीत एकाही घरात सापडणार नाही. केबल तुटली की आत्याचा फोन पुण्याहून पार्सल येईपर्यंत मुका. पुण्यात, दोन आयफोनवाल्यांच्या घरात राहणाऱ्या आजीसाठी मी हाच हिशेब नेमका उलटा केला असता.

कपाटात दोन फोन नसते आणि बाहेरून घ्यायचा असता, तर मी वेगळीच सुरुवात केली असती. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी सासऱ्यांसाठी एका ऑनलाइन दुकानातून 'उत्तम अवस्थेतला' म्हणून एक जुना फोन मागवला होता. पॉलिश केलेल्या फर्निचरसारखा चकचकीत. पंधरा दिवसांनी त्याची पाठ फुगली. आत कुणीतरी स्वस्तातली बॅटरी कोंबली होती, वर आकडा मात्र मूळ बॅटरीपेक्षा मोठा छापलेला. आता मी बाहेरच्या चकाकीकडे शेवटी बघतो. डायल पॅडवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसतो. तो सिमच्या ट्रेवर किंवा खोक्यावर असेल त्याच्याशी जुळवायचा. मग केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा आणि तो नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवायचा. किंवा दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर बघायचं. नंबर काळ्या यादीत, दुबार किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर फोन खाली ठेवून घरी यायचं. चोरीचा फोन स्वस्तच मिळतो.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीच्या पानावर सुटे भाग बदललेत का, ते दिसतं. आयफोन ११ मध्ये परकी बॅटरी किंवा परका पडदा असेल तर 'अनोळखी भाग' अशी नोंद असते. नोंद आहे म्हणजे फोन टाकाऊ असं नाही, पण किंमत खाली यायला हवी. आणि विकणाऱ्याने आपल्यासमोर स्वतःचं खातं काढून, फोन पूर्ण पुसून, पुन्हा चालू करून दाखवलाच पाहिजे. मागच्या मालकाचा पासवर्ड मागणारा फोन म्हणजे दुसऱ्याच्या कुलपाचं घर. अँड्रॉइड असो की आयफोन, दोघांनाही हे लागू.

शेवटी पिक्सेल निघाला. त्याची बॅटरी तीन वर्षांची झालीच होती, ती अधिकृत सेवाकेंद्रातून बदलून घेतली. जुना फोन दुसऱ्याला देताना नवी बॅटरी घालून द्यावी, हा आमच्या घरात आता नियमच केला आहे. चाळीस वेळा ऐंशी टक्के वाचून दाखवण्यापेक्षा ते सोपं. चार्जिंगला ऐंशीवर लगाम लावला, अक्षरं मोठी केली, बँकेचं सिम खाचेत घातलं, दुसरं ई-सिम केलं. बोटाचा ठसा आत्या आल्यावर घेऊन बघू म्हटलं.

दिवाळीला ती पुण्यात आली. मी दोन्ही फोन तिच्यापुढे ठेवले, म्हटलं तूच बघ. तिने दोन्ही तळहातांवर एकेक घेतला, तराजू धरावा तसा, आणि म्हणाली, "हा पांढरा जड हाये. पडल्या पडल्या पायतानी नाकावर आपटंन." सोळा ग्रॅमचा फरक. मी दोन दिवस जे मांडत बसलो होतो ते तिने दोन श्वासांत संपवलं, आणि नेमका मला हवा तोच फोन उचलला, म्हणून मी काही बोललो नाही. ठशाचा प्रयोग केला. उजवा अंगठा नाही, तर्जनी नाही. डाव्या हाताची करंगळी लागली! भाकरी थापताना तीच एक जरा बाजूला राहत असावी. तरी पर्याय म्हणून चार आकड्यांचा पिन ठेवला. तो तिने त्याच संध्याकाळी कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ठळक लिहून ठेवला. सुरक्षेच्या अपडेटांवर मी केलेलं भाषण तिथे संपलं.

मे महिन्यात अकोल्याला गेलो. दुपारी दोनला घरात शिरलो तर कूलर घरघरत होता, आत्या खाली चटईवर आडवी, आणि फोन कुठे दिसेना. विचारलं तर तिने हाताने स्वयंपाकघराकडे दाखवलं. ओट्याच्या कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, आणि त्या माठाला टेकून फोन उभा. "तूच तं म्हणला होता, तापू देऊ नोको." मी घाईघाईने तो उचलला, पाठ पुसली, म्हटलं आत्या, हा एकदा उघडलाय, आता पाणी लागलं तर जाईल. तिने एक डोळा उघडला. "मंग हातभर दूर ठेव. पण तिथंच ठेव. त्यालेही ऊन लागते ना, बापा."